बेकारीचा पुरावा कोणीं द्यावयाचा ?

काम करूं इच्छिणारास काम मिळत नाहीं यांत दोष त्याचा कीं समाजाचा, हा वाद आतां जुना झाला. ज्याचें पोट मजुरीवर आहे असा धडधाकट मनुष्य हौसेनें घरीं बसत नाहीं, हें ओळखूनच अनेक राष्ट्रांनीं बेकारभत्त्याचे कायदे केले. परंतु कायदा होणें निराळें आणि त्याचा लाभ गरजवंताच्या पदरीं पडणें निराळें. या दोहोंमधील अंतर ज्या एका शब्दांत सांठविलेलें आहे तो शब्द म्हणजे 'पात्रता'; आणि आज आम्ही वाचकांचें लक्ष त्याकडेच वेधूं इच्छितों.

प्रथम बेकार कोणास म्हणावें हें पाहूं. आपल्या सरकारी पाहणींत आठवड्याच्या हिशेबानें बेकारी मोजतांना, मागील सात दिवसांत एखाद्या दिवशीं एक तास काम केलेला मनुष्यही कामकरी गणला जातो. सहा दिवस नाक्यावर रिकामा उभा राहून सातव्या दिवशीं तासभर ओझें वाहणारा हमाल या हिशेबीं बेकार ठरत नाहीं ! मोजणीची सोय म्हणून ही व्याख्या चालेल. पण तिच्या आंकड्यावरून घरोघरच्या चुलीची स्थिति समजली, असें कोणीं मानूं नये.

भत्त्याची वाट तर याहूनही अरुंद आहे. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यानें आजार, बाळंतपण व कामावरील अपघात यांची तरतूद केली. बेकारीची केली नाहीं. ती तरतूद कारखाना बंद पडलेल्या व कपात झालेल्या विमेदार कामगारांसाठीं २००५ सालीं प्रथम आली. पुढें २०१८ सालीं 'अटल बीमित व्यक्ति कल्याण योजना' निघाली. तिच्या अटी पहा. मनुष्य दोन वर्षें विम्याच्या नोकरींत असला पाहिजे. त्या काळांतील चारही सहामाही मुदतींत प्रत्येकीं किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. आणि मिळणार काय, तर वेतनाचा चतुर्थांश, तोही आयुष्यांत एकदां, फार तर ९० दिवस! शिवाय मागणीचा अर्ज जावयाचा तो पूर्वीच्या मालकाच्या हातून. ज्यानें घरीं बसविलें त्याच्याच दारीं पुन्हां हात जोडून उभें राहावें, हा न्याय विलक्षण खरा !

२०२० सालीं महामारीनें लक्षावधि मजूर रस्त्यावर आणले, तेव्हां सरकारचे डोळे उघडले. भत्ता वेतनाच्या निम्मा झाला. वाट पाहण्याची मुदत ९० दिवसांवरून ३० वर आली. वर्गणीची अट सैल झाली. आणि कामगारास अर्ज स्वतः थेट कचेरींत देतां येऊं लागला. ही सुधारणा स्तुत्य होय. परंतु ज्याचें नांव विम्याच्या वहींत कधीं चढलेंच नाहीं, त्या घरकामाच्या बाईस, बांधकामावरील मजुरास किंवा प्रथमच नोकरी शोधणाऱ्या पदवीधरास तिचा काय उपयोग ?

खेड्यांतील कथा वेगळी नाहीं. महाराष्ट्रानें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा करून, मागितल्यापासून १५ दिवसांत काम न दिल्यास भत्ता देण्याचें वचन दिलें. येथें पात्रता एकच : कामाची मागणी. २००५ च्या राष्ट्रीय कायद्यानें हेंच वचन देशभर नेलें. पण मागणी केल्याची तारखेसह पावतीच हातीं दिली नाहीं, म्हणजे १५ दिवस मोजावयाचे कोठून ? एका कागदाच्या तुकड्याअभावीं हक्क कागदावरच राहिला.

याबाबत ब्रिटनचा अनुभव बोधप्रद आहे. भत्ता मागणाऱ्यानें आपण मनापासून काम शोधीत आहों हें सिद्ध करावें, अशी अट तेथें १९२१ सालीं घालण्यांत आली. ज्या गांवीं कामच उरलें नाहीं, तेथें शोधल्याचा पुरावा आणावा कोठून ? नकार गोळा करण्यासाठीं मजूर दारोदार हिंडले आणि असंख्य अर्ज फेटाळले गेले. शेवटीं १९३० सालीं ती अट काढून टाकावी लागली.

भत्त्यानें लोक आळशी होतील, असा आक्षेप सुखवस्तु मंडळींकडून नेहमीं येतो. निम्म्या पगारावर तीन महिने काढून कोणाचा संसार आळसानें भरभराटला, हें त्यांनींच दाखवावें. लबाडी करणारे असतील. त्यांस शासन व्हावें. परंतु चार लबाड सांपडावेत म्हणून शंभर उपाश्यांस दारांतून परत पाठविणें हा कारभार नव्हे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. नोकरी सुटतांच तारीख व कारण लिहिलेला दाखला मालकानें दिलाच पाहिजे. वर्गणीचा हिशेब कचेरीच्याच वहींत असतो. तो तिनेंच पाहावा, कामगारास त्यासाठीं हिंडवूं नये. अर्जाची पावती त्याच वेळीं मिळावी, आणि अर्ज नाकारावयाचा तर अपात्रता सिद्ध करण्याचा भार कचेरीवर असावा. कामगार संघांनीं व गांवोगांवच्या वाचनालयांनीं या अटी सोप्या मराठींत फलकावर लिहून लावाव्यात. वर्गणी मजुराच्या पगारांतून न विचारतां कापली जाते. मग भत्ता देतांनाच त्याला इतके प्रश्न कां विचारावे, याचें उत्तर सरकारनें दिलें पाहिजे.