कात्री फिरली ती भलत्याच पानावर

आमच्या गल्लीच्या गणेशोत्सवात दरवर्षी एक हौशी नाटक होते. नाटक म्हणजे काय, तासाभराचा फार्स. सहा खुर्च्या, एक पडदा, माइकची कुरकुर आणि पुढे सतरंजीवर बसलेली पोरेटोरे. गेली 22 वर्षे हा फार्स मी लिहितो. पहिल्या तालमीच्या आधी मंडळाची एक बैठक होते. तीत माझी वही हातोहात फिरते आणि विनोदाला कोणते विषय चालतील, कोणते चालणार नाहीत, याचा निवाडा होतो.

चार वर्षांपूर्वीच्या बैठकीत तीन जागा कापल्या गेल्या. पहिली, खुद्द गणपती उंदराला म्हणतो की यंदा पावतीपुस्तक जाड झाले आणि मोदक मात्र बारीक. देवाची थट्टा नको. दुसरी, निवडणुकीपुरते मराठी आणि निवडणुकीपुरते कन्नड बोलणारा एक पुढारी. याचे कारण कोणी सांगितले नाही, पण मंडपाचा खर्च कोण उचलतो हे सर्वांना ठाऊक होते. तिसरी, रोज सकाळी वर्तमानपत्र उघडून ‘लागला का निकाल?’ असे 1956 पासून विचारणारे एक आजोबा. सीमाप्रश्न हा हसण्याचा विषय नव्हे.

तिन्ही जागा मी निमूटपणे काढल्या. उरलेल्या वहीत एक सून होती. कन्नड घरातून आलेली, ‘चहा झाली’ आणि ‘भाकरी झाला’ म्हणणारी. ती वाचताना बैठकीत पोट धरून हसणे झाले. एकाही सभासदाने त्या पानावर बोट ठेवले नाही. मीही ठेवले नाही. आणि माझी स्वतःची सूनबाई गोकाककडच्या कन्नड घरातली आहे, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होते!

प्रयोग रंगला. ‘चहा झाली’ला टाळ्या पडल्या. सूनबाई दुसऱ्या रांगेत होती, तीही हसली. मी घरी आलो तो तरंगतच. पुढे दिवाळी आली, संक्रांत गेली आणि एके दिवशी सौ. मला म्हणाली, “ती तुमच्याशी मराठी बोलायची थांबली आहे, तुमच्या लक्षात तरी आलं का?” आले नव्हते. चहाचा कप पुढे येई, मान हले, हसू येई. शब्द येत नसे. नातीशी ती आता फक्त कन्नडच बोलत होती. ज्या माणसाने गावोगावच्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडतात म्हणून याच अंकात लेख लिहिले, त्याने आपल्या घरातले एक मराठी तोंड एका हशापायी बंद केले होते.

वाचकहो, हे मी क्षमेसाठी सांगत नाही. विनोदात काही विषय वर्ज्य असावेत की नसावेत, हा वाद हल्ली पुन्हा तापला आहे आणि आपल्यापैकी बरेच सुजाण लोक ‘असावेत बुवा, काही मर्यादा हवीच’ असे म्हणून मोकळे होतात. त्यांना माझा सवाल आहे. तुमच्या यादीने आजवर कोणाला वाचवले? देव, पुढारी आणि अस्मिता ही तिन्ही प्रकरणे स्वतःला सांभाळायला समर्थ आहेत. तुमची कात्री त्यांच्यासाठी धावली. जिला खरोखर कोणीतरी हवे होते, तिचे पान तुम्ही हसत हसत उलटलेत.

यादी करणाऱ्यांचा इतिहास काही आजचा नाही. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आले. विषय महाभारतातला, कोणत्याही यादीत न बसणारा. द्रौपदी म्हणजे गांजलेला देश आणि कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होते. सरकारने 1910 साली नाटकावर बंदी घातली. ते विनोदी नाटक नव्हे, हे खरे. पण त्यातला धडा विनोदालाही लागू आहे. विषयावर पहारा ठेवून काही हाती लागत नाही, कारण निरुपद्रवी विषयातून हवा तो बाण सोडता येतो. उलट, उपद्रवी वाटणाऱ्या विषयातून एखादा शहाणा माणूस औषध देऊन जातो.

सोळाव्या शतकातल्या पैठणच्या नाथमहाराजांचेच घ्या. त्यांच्या भारुडात एक सून देवीला नवस बोलते, तो सासू-सासऱ्यांसकट सगळे सासर एकेक करून उचलून नेण्याचा! आमच्या मंडळाच्या बैठकीत हे भारूड पास झाले असते का? देवाची थट्टा आहे, नवसाची आहे, कुटुंबसंस्थेची तर आहेच आहे. नाथांनी आंधळा, पांगळा, मुका, बहिरा यांवरही भारुडे रचली. पण ती ऐकून कोणी गावातल्या आंधळ्याकडे बोट दाखवत नाही. ऐकणाऱ्यालाच शंका येते की हा आंधळा म्हणजे मीच की काय! विषय तोच, पण बोट फिरून आपल्याकडे येते.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर निपाणी फार दूर नाही. अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ 1962 साली आले आणि त्यातला तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे निपाणीचा. लग्नाच्या नावाखाली बायकांना फसवणारा माणूस हा काय हसण्याचा विषय आहे? यादीवाला ठामपणे ‘नाही’ म्हणेल. पण प्रभाकर पणशीकरांच्या लखोबाला पाहून लोक वर्षानुवर्षे हसले ते त्याच्या कोडगेपणाला. हसता हसता अशा माणसाला ओळखायला शिकले. बडोद्याच्या वाचकांना तर सांगायलाच नको, की गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग 1919 साली त्यांच्याच गावी झाला. त्यातल्या तळीरामाला आपण पोटभर हसतो आणि त्याच दारूने सिंधूच्या संसाराची राख झालेली पाहतो. दारूवर विनोद नको असे कोणी गडकऱ्यांना बजावले असते, तर तळीराम गेला असता आणि त्याच्याबरोबर त्या शोकांतिकेची अर्धी धारही गेली असती.

आणि ही गोष्ट आपल्या कन्नड शेजाऱ्यांना आपल्याइतकीच ठाऊक आहे. बेळगाव-बागलकोट भागात श्रीकृष्ण पारिजाताचे खेळ रात्र रात्र चालत आले. प्रत्यक्ष भगवंत दोन बायकांच्या कात्रीत सापडतो आणि सारा गाव हसतो. तमाशातली मावशी कृष्णाची उलटतपासणी घेते, दशावतारातला संकासुर वेद पळवून आणून चावट बोलतो. यांतल्या कशाने देव लहान झाला? ज्या देवाशी इतकी सलगी करता येते, त्याच्याच दारात माणूस पुन्हा जातो.

आता कोणी म्हणेल, दिवस बदलले, लोकांच्या भावना हळव्या झाल्या, कायदाही आहे. आहे ना! दंड संहितेतले 295-अ कलम 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत 299 झाले, एवढाच फरक. पण ते चालते कसे ते पाहा. 2021 सालच्या 1 जानेवारीला इंदूरमध्ये मुनव्वर फारुकी या विनोदी कलाकाराला पकडले. आरोप देवदेवतांच्या आणि केंद्रीय गृहमंत्र्यांच्या थट्टेचा. सर्वोच्च न्यायालयाने 5 फेब्रुवारीला अंतरिम जामीन देईपर्यंत तो माणूस महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहिला. त्याचे विनोद मला आवडतात असे मुळीच नाही. पण न आवडलेल्या विनोदाला शिक्षा म्हणून न हसणे पुरेसे असते, असे मानणाऱ्या पिढीतला मी आहे. आणि तेच इंदूर होळकरांच्या काळापासूनच्या मराठी माणसांचे घर आहे. म्हणून हे लांबचे प्रकरण आहे असे मला वाटत नाही.

दुसऱ्या बाजूलाही एक वकील उभा आहे. तो म्हणतो, ‘अहो, विनोदच तो! एवढं काय मनावर घ्यायचं? सगळ्या विषयांवर हसू द्या, ज्याला लागेल तो आपलं बघून घेईल.’ या वकिलाचाही मला तितकाच राग आहे, कारण चार वर्षांपूर्वी तो मीच होतो. विषय मोकळे ठेवले म्हणून विनोद करणाऱ्याचे हात आपोआप स्वच्छ होत नाहीत. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही विनोदी कलाकारांना अपंगांची थट्टा केल्याबद्दल जाहीर क्षमा मागायला सांगितले. न्यायालयाने विनोदाचे वर्ग तपासावेत का, यावर मी भांडेन. पण त्या आई-वडिलांना न्यायालयात जावेसे का वाटले, हे मला कळते. आपल्या फार्सांत तोतरा आहे, बहिरा आहे, काळीसावळी उपवर मुलगी आहे, मोलकरीण आहे. यांच्यावरचा विनोद कोणत्याच यादीत कधी निषिद्ध नव्हता. तो इतका निर्धोक मानला गेला की त्याला विनोद म्हणायलाही कष्ट पडले नाहीत.

मग कसोटी कोणती? ‘दुबळ्यावर हसू नये, बळिष्ठावर हसावे’ असे एक सोपे उत्तर आहे. सीमाभागातल्या माणसाला ते पुरत नाही. संकेश्वरात बसमध्ये चढताना मी अल्पसंख्य असतो आणि तीच बस गडहिंग्लजला थांबली की बहुसंख्य होऊन उतरतो. कचेरीतल्या खिडकीपुढे मी दुबळा, घरातल्या जेवणाच्या पाटावर मीच बळिष्ठ. माणूस तोच, तिकीटही एकच. म्हणून माणसांचे दोन कायमचे कप्पे करून चालत नाही. त्या ठिकाणी, त्या घटकेला, ज्याच्यावर हसले त्याला उलट बोलता येते का, एवढेच पाहावे लागते.

पुढाऱ्याला येते. त्याच्याकडे माइक आहे, माणसे आहेत, वकील आहे. देवाला गरजच पडत नाही. सीमाप्रश्नाला येते; तो आमच्या ‘लागला का निकाल?’ने बुडणार नाही. उलट इतकी वर्षे वाट पाहून आपण हसू शकतो, यातच आपली चिकाटी दिसते. माझ्या सुनेला मात्र त्या रात्री उलट बोलता येत नव्हते. भाषा माझी, नाटक माझे, प्रेक्षक माझे, आणि वर नात्याने मी सासरा. तिला फक्त हसता येत होते. विनोदात सामील झालेला माणूस आणि हसण्यावाचून गत्यंतर नसलेला माणूस यांचे दात सारखेच दिसतात, हे मला साठीनंतर कळले.

मी तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, “मामा, विनोद वाईट नव्हता. मी ‘चहा झाली’ म्हणतेच की. कन्नडमध्ये सगळ्या वस्तू सारख्या. तुमच्यात चहा तो, कॉफी ती आणि दूध ते, आणि तिन्ही एकाच पातेल्यात! हे तुम्ही कधी नाटकात घातलं नाही.” मग थोडे थांबून म्हणाली, “आणि माझे वडील आले की तुम्ही त्यांना ‘बा, कूड’ म्हणता. ‘बर्री, कूड्री’ म्हणायचं असतं. धाकट्या पोराला बोलवावं तसं बोलावता. नऊ वर्षं झाली. ते घरी जाऊन काही बोलत नाहीत.”

मी खाली बसलो. नऊ वर्षे मी माझ्या व्याह्यांना ‘ये रे, बैस’ म्हणत होतो आणि ते अत्यंत आदराने येऊन बसत होते!

पुढच्या वर्षीच्या फार्समध्ये सासऱ्याचे कन्नड हा एक पूर्ण प्रवेश होता. तो सूनबाईने सांगितला, मी लिहिला आणि सासऱ्याचे काम मीच केले. बैठकीत एक सभासद म्हणाले, “भाषेचा विषय आहे, जरा जपून.” मी त्यांना म्हटले, “मागच्या खेपेस भाषेचाच विषय होता, तेव्हा आपण जपला नाहीत.” प्रवेश राहिला. ‘चहा झाली’ही राहिले, पण आता त्याच्यापाठोपाठ चहा-कॉफी-दुधाचे उत्तर येत होते. व्याही पहिल्या रांगेत होते. त्या प्रवेशाला ते हसले की नाही, हे दिव्यांच्या झोतात मला दिसले नाही. सूनबाई सगळे विसरली असेही मी म्हणणार नाही. अजूनही एखादा शब्द उच्चारण्याआधी ती क्षणभर थांबते आणि त्या क्षणाचा धनी मी आहे. पण नातीला आता ती दोन्ही भाषांत रागावते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. विषयांची यादी फाडून टाका. देवावर हसा, पुढाऱ्यावर हसा, मरणावर, भाषेवर, आपल्या सीमालढ्यावरही हसा. पण ज्याच्यावर हसलात त्याच्यासाठी मंचावर एक खुर्ची ठेवा आणि माइक त्याच्या हाती जाईल असे बघा. हे जमणार नसेल तर दोष विषयाचा नाही, तुमचा आहे. ते पान मग मंडळाने कापायची वाट पाहू नका, स्वतःच्या हाताने फाडा.

यंदाची वही लिहून झाली आहे. गणपती आणि उंदराचा प्रवेश मी पुन्हा घातला आहे. आजोबाही परत आले आहेत. सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून दावा चालू आहे, तेव्हा त्यांचे पाठांतर अजून पक्के आहे. बैठकीला मी वही घेऊन जाईन आणि यंदा सूनबाईही माझ्याबरोबर येणार आहे. कात्री कोणाच्या हाती असावी, याची चर्चा तिच्यादेखत होऊ द्या.