मित्रदेशाचा गुन्हा आणि मैत्रीची किंमत

२ ऑक्टोबर २०१८ रोजी दुपारी जमाल खशोगी इस्तंबूलमधील सौदी अरेबियाच्या वाणिज्य वकिलातीत गेले. विवाहासाठी लागणारी कागदपत्रे त्यांना हवी होती. त्यांची वाग्दत्त वधू हतीजे जेंगिझ बाहेर रस्त्यावर वाट पाहत थांबली होती. खशोगी बाहेर आले नाहीत. त्यांचा मृतदेहही आजतागायत मिळालेला नाही. त्यांना ठार करण्यासाठी रियाधहून पंधरा जणांचे पथक आले होते आणि काही तासांत ते मायदेशी परतलेही. सौदी सरकारने प्रथम खशोगी वकिलातीतून निघून गेल्याचे सांगितले. मग अडीच आठवड्यांनी ते आत झालेल्या मारामारीत मरण पावल्याचे जाहीर केले. त्यानंतर काही दिवसांतच, तुर्की तपासातील माहितीनुसार ही हत्या पूर्वनियोजित असल्याचे सौदी सरकारी वकिलांनाच मान्य करावे लागले.

खशोगी हे काही सिंहासन उलथवायला निघालेले क्रांतिकारक नव्हते. सौदी वृत्तपत्राचे संपादकपद त्यांनी भूषवले होते आणि राजघराण्यातील तुर्की अल फैसल यांचे माध्यम सल्लागार म्हणूनही काम केले होते. युवराज महंमद बिन सलमान यांनी सत्तेवर पकड घट्ट केल्यावर २०१७ मध्ये ते अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात राहू लागले आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये स्तंभ लिहू लागले. ज्या देशाच्या आश्रयाने ते लिहीत होते तो अमेरिका देश सौदी अरेबियाचा सर्वात मोठा शस्त्रपुरवठादार होता, आणि खरा पेच तेथेच निर्माण झाला. मित्रदेशाने आपल्या आश्रयाला आलेल्या पत्रकाराचा जीव घेतला, तर सरकारने नेमके काय करावे?

शत्रूने असे काही केले की काय करायचे, हे सरकारांना चांगले ठाऊक असते. त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्लंडमधील साल्सबरी येथे सर्गेई स्क्रिपाल या माजी रशियन हेरावर विषप्रयोग झाला. महिना उलटण्यापूर्वी वीसहून अधिक देशांनी मिळून शंभराहून अधिक रशियन अधिकाऱ्यांना मायदेशी पाठवले. एकट्या अमेरिकेने साठ जणांना घालवले आणि सिएटलमधील रशियन वकिलात बंद केली. स्क्रिपाल वाचले होते, खशोगी वाचले नाहीत. तरीही खशोगी प्रकरणात अशी एकत्रित कारवाई झाली नाही. गुन्ह्याचे गांभीर्य गुन्हेगाराशी असलेल्या नात्यावरून ठरले, असाच याचा अर्थ होतो.

अमेरिकेने काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये सतरा सौदी नागरिकांवर आर्थिक निर्बंध घालण्यात आले. त्यात युवराजांचे निकटवर्ती सल्लागार सौद अल काहतानी आणि इस्तंबूलमधील वाणिज्यदूतही होते. पण पाचच दिवसांनी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी निवेदन काढून, युवराजांना या प्रकाराची माहिती असेलही वा नसेलही, असे सांगितले आणि सौदी गुंतवणूक व शस्त्रखरेदीचे आकडे पुढे केले. एकशे दहा अब्ज डॉलरच्या शस्त्रखरेदीचा त्यांनी वारंवार उल्लेख केला. त्यातील प्रत्यक्ष सह्या झालेले व्यवहार तोवर सुमारे साडेचौदा अब्ज डॉलरचेच होते. उरलेला आकडा इच्छापत्रांचा होता.

या काळात अमेरिकी काँग्रेसने आपल्या हातातील साधने वापरून पाहिली. १० ऑक्टोबर २०१८ रोजी सेनेटच्या परराष्ट्र समितीतील दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी जागतिक मॅग्निट्स्की कायद्याचा आधार घेऊन अध्यक्षांना पत्र लिहिले. या कायद्यानुसार हत्येला कोण जबाबदार आहे याचा निष्कर्ष १२० दिवसांत कळवणे अपेक्षित होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती मुदत संपली आणि प्रशासनाने निष्कर्ष द्यायचे नाकारले. त्याआधी डिसेंबरमध्ये सेनेटने युवराजांना जबाबदार धरणारा ठराव एकमताने संमत केला होता. पुढे येमेनमधील युद्धाची मदत थांबवणारा ठराव व शस्त्रविक्री रोखणारे ठराव संमत झाले, परंतु ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरून ते निष्प्रभ केले.

मग सत्तांतर झाले. ज्यो बायडेन यांनी निवडणूक प्रचारात सौदी राज्यकर्त्यांना जगाच्या पंक्तीतून उठवण्याची भाषा केली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्या प्रशासनाने गुप्तचर यंत्रणेचा अहवाल प्रसिद्ध केला. खशोगींना पकडण्याच्या वा ठार करण्याच्या मोहिमेला युवराजांनी मंजुरी दिली, असा त्यातील निष्कर्ष होता. युवराजांनी आदेश दिल्याचा आरोप सातत्याने नाकारला आहे. अहवालासोबत ७६ सौदी नागरिकांवर व्हिसाबंदी आली. ज्यांनी मंजुरी दिली असे अहवाल सांगत होता, त्यांच्यावर मात्र निर्बंध आले नाहीत. युक्रेन युद्धामुळे तेल महागल्यावर जुलै २०२२ मध्ये बायडेन जेद्दाला गेले आणि त्यांनी युवराजांच्या मुठीला मूठ लावली. सप्टेंबरमध्ये युवराज पंतप्रधान झाले. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी प्रशासनाने न्यायालयाला कळवले की सरकारप्रमुख या नात्याने त्यांना खटल्यापासून संरक्षण आहे. मत न देण्याची मोकळीक असतानाही ते दिले गेले आणि हतीजे जेंगिझ यांनी दाखल केलेला दिवाणी दावा डिसेंबर २०२२ मध्ये फेटाळला गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये युवराज व्हाइट हाउसमध्ये आले, तेव्हा ट्रम्प यांनी त्यांना या प्रकरणाची काहीच कल्पना नव्हती, असे सांगून टाकले. स्वतःच्याच गुप्तचर यंत्रणेचा निष्कर्ष अध्यक्षांनी पाहुण्यादेखत झटकून टाकला.

इतर देशांची कामगिरीही फारशी वेगळी नाही. अँगेला मर्केल यांच्या जर्मनीने शस्त्रनिर्यात थांबवली; डेन्मार्क व फिनलंड यांनी नवे परवाने रोखले. फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ यांनी शस्त्रबंदीच्या मागणीला लोकानुनय ठरवले. ब्रिटन व फ्रान्स यांची सौदी अरेबियाला विकली जाणारी काही शस्त्रे जर्मन सुट्या भागांवर अवलंबून असल्याने त्यांनी जर्मनीवरच दबाव आणला. परिणामी बंदीला सवलतींची ठिगळे लागत गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये जर्मनीने सौदी अरेबियाला युरोफायटर विमाने विकण्यासही हरकत नसल्याचे जाहीर केले. एकट्याने घेतलेला निर्णय मित्रच कसा पोखरतात, याचा हा धडा होता.

ज्या भूमीवर हत्या झाली त्या तुर्कस्तानची कहाणी अधिकच खेदजनक आहे. वकिलातीतील ध्वनिफिती तुर्की गुप्तचरांच्या हाती होत्या. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार वाणिज्य अधिकाऱ्याला राजदूतासारखे सरसकट अभय नसते. गंभीर गुन्ह्यात न्यायालयाच्या आदेशाने त्याला अटक करता येते. तरीही वाणिज्यदूत १६ ऑक्टोबरला देश सोडून गेले. पुढे २६ सौदी नागरिकांवर त्यांच्या गैरहजेरीत खटला सुरू झाला. परंतु तुर्कस्तानची अर्थव्यवस्था डबघाईला आल्यावर एप्रिल २०२२ मध्ये तो खटला सौदी अरेबियाकडे सोपवण्यात आला आणि महिनाअखेरीस अध्यक्ष रेसेप तय्यिप एर्दोगान सौदी दौऱ्यावर गेले. सौदी न्यायालयाने तोवर प्रकरण मिटवले होते. पाच जणांची फाशी वीस वर्षांच्या कैदेवर आली होती, तिघांना त्याहून कमी शिक्षा झाली होती; गुप्तचर खात्यातील वरिष्ठ अधिकारी निर्दोष सुटला होता आणि काहतानी यांच्यावर आरोपही ठेवला गेला नव्हता. मारणाऱ्या हातांना शिक्षा झाली, हुकूम कोणाचा होता हा प्रश्न मात्र न्यायालयात आलाच नाही.

हे सर्व पाहून वास्तववादी मंडळी म्हणतात की, परराष्ट्र धोरण असेच चालते. तेल हवे, इराणला शह हवा, कारखान्यांतील रोजगार टिकायला हवेत. एका माणसासाठी राज्ये आपली मैत्री पणाला लावत नाहीत. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे: एक तर मैत्री तोडायची, नाही तर गप्प बसायचे, तिसरा मार्गच नाही. हे गृहीत चुकीचे आहे आणि त्याचा पुरावा अमेरिकेच्याच इतिहासात सापडतो.

१५ ऑक्टोबर १९८४ रोजी कॅलिफोर्नियातील डेली सिटी येथे हेन्री लिऊ या पत्रकाराची त्यांच्या घराच्या गॅरेजमध्ये गोळ्या घालून हत्या झाली. मूळचे तैवानमधून आलेले लिऊ अमेरिकेचे नागरिक झाले होते आणि तैवानचे अध्यक्ष च्यांग चिंग-कुओ यांचे टीकात्मक चरित्र त्यांनी लिहिले होते. मारेकरी ‘बांबू युनियन’ या टोळीचे होते आणि त्यांना कामगिरी दिली होती ती तैवानच्या लष्करी गुप्तचर विभागाने. तैवान हा शीतयुद्धातील अमेरिकेचा निकटचा मित्र, आणि रोनाल्ड रेगन यांच्यासारखे कडवे साम्यवादविरोधी अध्यक्ष सत्तेवर. प्रकरण दाबले जाण्यास परिस्थिती सर्वथा अनुकूल होती.

ते दाबले गेले नाही, कारण त्यापूर्वीच १९८१ मध्ये काँग्रेस सदस्य स्टीफन सोलार्झ यांच्या पुढाकाराने शस्त्रनिर्यात कायद्यात एक कलम घातले गेले होते. अमेरिकेत राहणाऱ्यांना धमकावण्याचा वा छळण्याचा सातत्याने प्रयत्न करणाऱ्या देशाला शस्त्रे देऊ नयेत, असे ते कलम. लिऊ यांच्या हत्येनंतर सोलार्झ यांच्या उपसमितीने फेब्रुवारी १९८५ मध्ये जाहीर सुनावणी घेतली. अमेरिकेने शस्त्रपुरवठा तोडला नाही. पण तो तुटू शकतो, याची जाणीव तैपेईला झाली. अमेरिकी तपास अधिकाऱ्यांना तेथे जाऊन आरोपींना प्रश्न विचारता आले. आरोपींना अमेरिकेच्या स्वाधीन करण्यास तैवानने नकार दिला, मात्र गुप्तचर विभागाचे प्रमुख वाँग शी-लिंग यांनाच जन्मठेप सुनावली गेली. लिऊ यांच्या पत्नीने तैवान सरकारवर भरलेला दावाही अमेरिकी न्यायालयाने ऐकला. १९८९ मध्ये अपील न्यायालयाने त्या सरकारला जबाबदार धरता येते असा निकाल दिला आणि पुढे तडजोडीने भरपाई मिळाली.

हा न्याय पूर्ण नव्हता. वाँग १९९१ मध्ये सुटले. शिवाय लिऊ अमेरिकेचे नागरिक होते आणि हत्या अमेरिकेच्या भूमीवर झाली होती. तैवानकडे तेल नव्हते. हा फरक मान्य करूनही एक गोष्ट उरते. जबाबदारी हुकूम देणाऱ्या विभागाच्या प्रमुखापर्यंत पोचली आणि मैत्रीही तुटली नाही. तैवान आजही अमेरिकेचा मित्र आहे.

या दोन प्रकरणांतून सरकारांच्या कर्तव्याची रूपरेषा स्पष्ट होते. पहिले म्हणजे, शिक्षा गुन्ह्यापूर्वीच कायद्यात लिहिलेली असावी आणि ती लागू करायची की नाही हे एकट्या राष्ट्रप्रमुखाच्या मर्जीवर सोडू नये. सोलार्झ यांचे कलम आजही कायद्यात आहे, पण अध्यक्षांनी तसा निष्कर्ष काढला तरच ते लागू होते. मॅग्निट्स्की कायद्याची मुदतही अशीच वाया गेली. संसदेला अहवाल मिळेपर्यंत शस्त्रांची खेप आपोआप थांबेल, अशी तरतूद झाली तर नेत्याला मित्राला सांगता येईल की हात कायद्याने बांधले आहेत. दुसरे, न्यायालयाची वाट अडवू नये. परराष्ट्र खात्याला मैत्री जपायची असेल तर त्याने ती जपावी, पण मृताच्या कुटुंबाच्या दाव्यात आरोपीची बाजू मांडायला स्वतःहून जाऊ नये. तिसरे, मित्रराष्ट्रांनी ही किंमत एकत्रितपणे वसूल करावी; अन्यथा एकाने सोडलेले कंत्राट दुसरा उचलतो. चौथे, धोक्याची पूर्वसूचना. एखाद्याच्या जिवाला धोका असल्याचे कळल्यास त्याला सावध करण्याचे बंधन अमेरिकी गुप्तचर यंत्रणांवर २०१५ च्या निर्देशाने आहे. धोका मित्रदेशाकडून असला तरी ते तितक्याच काटेकोरपणे पाळले गेले पाहिजे.

भारतातील वाचकाला हा केवळ परक्यांचा प्रश्न वाटू नये. हत्येच्या सहा महिने आधी, एप्रिल २०१८ मध्ये, सौदी आरामको कंपनीने रत्नागिरी जिल्ह्यातील नाणारच्या नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी भारतीय कंपन्यांशी करार केला होता. कोकणातील विरोधामुळे तो नाणारमध्ये झाला नाही, पण सौदी पैशाचे महत्त्व दिल्लीलाही किती आहे हे त्यातून दिसते. शिवाय सौदी अरेबियात वीस लाखांहून अधिक भारतीय पोटासाठी राहतात. भारताने या हत्येवर जाहीर टीका टाळली, त्यामागची ही कारणे समजण्यासारखी आहेत. परंतु फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी राजशिष्टाचार बाजूला ठेवून युवराजांच्या स्वागताला विमानतळावर गेले. टीका न करणे ही एक गोष्ट आणि अवघ्या साडेचार महिन्यांत गळाभेटीचे छायाचित्र बहाल करणे ही दुसरी. अवलंबून असलेल्या देशालाही या दोहोंत निवड करण्याची मोकळीक असते.

मौनाचा परिणाम एका हत्येपुरता राहत नाही. परदेशात आश्रय घेऊन लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्यातून कळते की यजमान देशाचे संरक्षण तेलाच्या भावाबरोबर वरखाली होते. विवाहाच्या दाखल्यासाठी आपल्याच देशाच्या वकिलातीत जाणे हे नागरिकाचे साधे काम आहे. त्या कामासाठी जाणारा माणूस परत येईल याची हमी देणे हे मैत्रीच्या आड येत असेल, तर त्या मैत्रीच्या अटी बदलणे हे सरकारांचे काम आहे. १९८५ मध्ये वॉशिंग्टनने ते काही अंशी करून दाखवले होते. २०१८ नंतर ते टाळले गेले, आणि ते टाळण्याचा निर्णय प्रत्येक वेळी एका निवडून आलेल्या सरकारने घेतला.