विश्लेषण : बालशोषणाचे उघड समर्थन करणाऱ्या संघटना कशा मोडीत निघाल्या?

सातपुड्याच्या पायथ्यालगतच्या म्हसावदमध्ये (ता. शहादा) बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर ती पोलिसांना देणे आज कायद्याने बंधनकारक आहे. अर्धशतकापूर्वी युरोपात मात्र अशा संबंधांना मुभा मागणाऱ्या संघटना उघडपणे काम करत होत्या.

या संघटना कोणत्या?

ब्रिटनमध्ये १९७४ मध्ये ‘पीडोफाइल इन्फर्मेशन एक्स्चेंज’ स्थापन झाली. संमतीवयाची अटच काढून टाका, अशी तिची मागणी होती. अमेरिकेत १९७८ मध्ये ‘नाम्ब्ला’, तर नेदरलँड्समध्ये १९८२ मध्ये ‘मार्टेन’ ही संघटना उभी राहिली. ‘मुलाचीही संमती असते’ हा त्यांचा मुख्य युक्तिवाद. नागरी हक्कांच्या चळवळीचा आडोसा घेऊन तो मांडला गेला.

विरोध कसा झाला?

लंडनमध्ये १९७७ मध्ये ब्रिटिश संघटनेच्या सभेबाहेर तीव्र निदर्शने झाली. मुलांच्या अश्लील चित्रणाविरोधात १९७८ मध्ये कायदा आला आणि १९८४ मध्ये संघटना विसर्जित झाली. समलिंगी हक्कांच्या ‘इल्गा’ या जागतिक महासंघाने १९९४ मध्ये ‘नाम्ब्ला’ची हकालपट्टी केली. ‘मार्टेन’वर डच सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी कायम केली. मुलांचे संरक्षण संघटना स्वातंत्र्यापेक्षा मोठे ठरले.

आपल्याकडे धोका कोणत्या रूपात आला?

येथे आडोसा विचारांचा नव्हे, सेवेचा होता. मडगावात अनाथालय चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. मुंबईतील ‘अँकरेज’ निवारागृह प्रकरणात दोन ब्रिटिश नागरिकांना २००६ मध्ये शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांना निर्दोष सोडले, पण सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये शिक्षा पुन्हा कायम केली. दोन्ही ठिकाणी बळी ठरली ती पाठीशी कोणी नसलेली मुले.

कायदा काय सांगतो?

२०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य नाही. गुन्ह्याची माहिती असूनही न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थाप्रमुखाने कनिष्ठाचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

मग संमतीवयाचा सध्याचा वाद कशासाठी?

तो वेगळा आहे. १६ ते १८ वयोगटातील मुलामुलींच्या आपसातील प्रेमसंबंधांना गुन्हा ठरवावे का, हा त्यातील प्रश्न आहे. विधी आयोगाने २०२३ मध्ये वय १८ च ठेवून अशा प्रकरणांत न्यायालयांना शिक्षेबाबत मर्यादित विवेकाधिकार देण्याची शिफारस केली. समवयस्कांचे नाते आणि प्रौढाने सत्तेच्या जोरावर केलेले शोषण यांची गल्लत करणे, हीच त्या जुन्या संघटनांची चाल होती.

गावपातळीवर काय महत्त्वाचे?

आश्रमशाळा व वसतिगृहांत मुले महिनोन्‌महिने घरापासून दूर राहतात. त्यामुळे संस्थाचालकाच्या चांगुलपणावर विसंबून न राहता बाहेरच्या व्यक्तींकडून नियमित तपासणी आणि १०९८ हा मदत क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असणे आवश्यक ठरते.