जपानच्या सहलीत उतरायचे कुठे?

जपानला गेल्यावर कोयासान पाहायचेच, असे दादर-परळच्या आपल्या बांधवांना वाटणे साहजिक आहे. तेथील विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या गावात ५० हून अधिक बौद्ध मंदिरांत उतरण्याची सोय आहे. चटईवर गादी, शाकाहारी जेवण, बहुतेक ठिकाणी सामायिक न्हाणीघर. चाळीत वाढलेल्यांना यात नवे काही नाही. पण गुडघे दुखणाऱ्या आईला जमिनीवरून उठवणार कोण? म्हणून आम्ही सांगतो, पलंग आणि खोलीतच संडास आहे का, हे आधी विचारा. भाडे बहुधा माणशी असते, तेही पाहा. सोय नसेल तर ओसाकात स्टेशनजवळ, लिफ्ट असलेल्या हॉटेलात उतरा व दिवसभरात अभिवादन करून परता. फंडाच्या पैशातली सहल आईवडिलांच्या अंगाला सोसली पाहिजे.