आधी पोत्याचा वास घ्या

भुईमुगाच्या शेंगा खळ्यावर येऊन पडल्या आहेत, मक्याची कणसं ओसरीत ढिगाने लागली आहेत, आणि परतीचा पाऊस काही पाठ सोडत नाही. हा माल येत्या दोन-तीन आठवड्यांत पोत्यांत भरला जाईल. तो किती ओला असताना भरतो, यावर आपल्या घरातली माणसं आणि गोठ्यातली जनावरं पुढचं वर्षभर काय खाणार ते ठरेल. म्हणून ही विनंती आज करतो आहे. दिवाळीनंतर तिचा उपयोग नाही.

गेल्या वर्षी मी स्वतः गाढवपणा केला. शेंगदाण्याचं पोतं घेतलं आणि माजघरात भिंतीला टेकवून थेट फरशीवर ठेवलं. खाली ना फळी, ना विटा. दीड महिन्याने तोंड सोडून हात आत घातला, तर आत ऊबदार लागलं. कुबट वास आला. हात बाहेर काढला तेव्हा बोटांना हिरवट-पिवळी पूड चिकटली होती. आई म्हणाली, "अरे, पुसून उन्हात टाक. भाजलं की जातं सगळं."

जात नाही. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा. ती हिरवट-पिवळी पूड बहुधा अस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीची असते आणि ती दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. भाजल्याने, उकडल्याने, तळल्याने बुरशी मरते. तिने सोडलेलं विष बरंचसं तसंच राहतं. त्याला चव नाही, रंग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. घाव बसतो तो यकृतावर. आपल्याकडे तृणधान्यांसाठी कायद्याची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे अख्ख्या टनाला १५ मिलिग्रॅम. चिमूटभर मीठही त्याहून कितीतरी जास्त भरतं.

हे ऐकून "आमचे आजोबा खायचे, त्यांना काही झालं नाही" असं म्हणणाऱ्यांनी १९७४ची हिवाळ्याची सुरुवात आठवावी. राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल हे भिल्ल आदिवासींचे जिल्हे, मक्यावर जगणारे. आमच्या सातपुड्यातल्या पाड्यांशी त्यांचं अन्नही जुळतं आणि गरिबीही. काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला, कणसं भिजली, तशीच साठवली गेली. दोनशेहून अधिक गावांत माणसांना कावीळ होऊ लागली, पोटात पाणी भरू लागलं. त्याच घरांतली भाकरी खाणारी कुत्रीही तशीच मेली. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्यांच्या घरच्या मक्यात किलोमागे सव्वासहा ते साडेपंधरा मिलिग्रॅम विष सापडलं, म्हणजे आजच्या मर्यादेच्या चारशे ते हजार पट. ते काही शौकाने बुरसटलेला मका खात नव्हते. घरात दुसरं धान्यच नव्हतं.

या विषाचा शोध लागला तोही शेंगदाण्यामुळेच. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले. त्यांना ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड घातली होती. आपल्याकडे हीच पेंड गाईम्हशींच्या दावणीत जाते. जनावराच्या पोटात गेलेलं विष रूप बदलून दुधात उतरतं, आणि ते दूध आपण पोराला पाजतो. "माणसाला नको तर जनावराला घाला" हा हिशेब इथेच चुकतो.

आता उपायाकडे येतो. तो आपल्याच स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं पडून आहे.

माझी आजी लोणचं भरण्याआधी चिमट्याने निखारा काढायची, त्यावर हिंगाचा खडा टाकायची आणि चिनी मातीची बरणी त्या धुरावर उपडी धरायची. पांढरा धूर आत कोंडला की बरणी सरळ करून लगेच दादरा बांधायची. तिला बुरशीचं नाव माहीत नव्हतं, पण बरणीतल्या हवेचा बंदोबस्त आधी करायचा असतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. लाल तिखटाच्या डब्यात हिंगाचे खडे ठेवायची रीतही त्यातलीच.

ओवा, लवंग, दालचिनी, गवती चहा यांच्या सुगंधी तेलांवर प्रयोगशाळांत गेली अनेक वर्षं काम चालू आहे. ओव्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास थायमॉल असतं. तेच घट्ट झालं की आपण त्याला ओव्याचं फूल म्हणतो. लवंगतेलाचा मोठा भाग युजेनॉल, गवती चहाच्या तेलाचा सिट्रल. ही द्रव्यं पाण्यात विरघळायला नाखूश आणि चरबीत शिरायला उत्सुक. बुरशीच्या पेशीचं आवरण चरबीसारख्या पदार्थाचं असतं. ही द्रव्यं तिथे घुसतात, आवरण झिरपायला लागतं, आतलं पाणी-क्षार बाहेर येतात आणि पेशी कोसळते. तेलाची वाफही हे काम करते, दाण्याला तेल चोपडावंच लागतं असं नाही. बंद डब्यातल्या हवेत पुरेशी वाफ असली तर बुरशीचे बीजाणू रुजतच नाहीत. आजीच्या बरणीतला कोंडलेला धूर आणि हे, तत्त्व एकच.

मग अडतं कुठे? ही तेलं उडून जातात. आठवड्यात वास गेला की राखणदारही गेला. त्यावर बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी काम केलं आहे. कायटोसान नावाच्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म कुप्यांत तेल कोंडायचं, म्हणजे ते हळूहळू सुटत राहतं. हे कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून बनतं. आपल्या बंदरांवर ती टरफलं कुजत पडतात आणि गवती चहा परसात माजतो. दोन्ही आपल्याकडे, आणि गोदामात मात्र काही नाही.

त्याऐवजी काय आहे ते बघा. तांदळाला बोरिक पावडर चोळली जाते. अन्न टिकवण्यासाठी तिला परवानगी नाही. डाळीच्या डब्यात पाऱ्याच्या गोळ्या ठेवल्या जातात. काही घरांत तर झोपायच्या खोलीतल्या धान्यात फॉस्फिन वायू सोडणाऱ्या गोळ्या टाकतात. ती गोळी प्रशिक्षित माणसाने, देखरेखीखाली वापरायची आहे, बंद खोलीत तिने माणसं मेली आहेत. आणि हे सगळं किड्यांसाठी, बुरशीसाठी नव्हे. कडुलिंबाचा पाला, एरंडेल यांचाही रोख किड्याकडेच. किडा गेला आणि बुरशी राहिली, तर पोतं वरून देखणं दिसतं इतकंच.

सुगंधी तेलांचा पुरस्कार करतो आहे म्हणून त्यांच्याबद्दलच दोन कडू गोष्टी सांगतो. एक, कुठलंही तेल आधी तयार झालेलं विष नाहीसं करील असा भरवसा धरू नका. कुबट पोत्यात ओव्याचं तेल शिंपडलं तर वास झाकेल, विष राहील. म्हणजे आपला एकुलता एक इशाराही आपण पुसून टाकू. दोन, 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी नव्हे. चमचाभर लवंगतेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. बाजारात अगरबत्तीच्या वासाची तेलं त्याच नावाने विकतात, ती अन्नाजवळ नकोत. पेरणीच्या बियाण्यालाही ही तेलं लावू नका, उगवण मार खाऊ शकते. ओव्याचा अर्क म्हणून बाटलीत मिळतो ते वेगळं. त्यात पाणीच जास्त. आणि नुसत्या ओव्याची पुरचुंडी डब्यात टाकली तर तिची वाफ तेलाच्या मानाने फारच थोडी. ठेवायला हरकत नाही, विसंबू नका.

म्हणून पहिलं काम वाळवण्याचं. शेंगा इतक्या वाळवा की हलवल्यावर दाणे आत खुळखुळले पाहिजेत आणि दाताखाली दाणा कटकन तुटला पाहिजे. मका वाळला का ते पाहायला यंत्र नको. कोरडी काचेची बाटली घ्या, त्यात मक्याचे दाणे आणि कोरडं मीठ घाला, बूच लावून जोरजोरात हलवा, थोडा वेळ तशीच ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर मका ओला आहे, पुन्हा उन्हात. मीठ खाली सुटं पडलं तर पोत्यात भरायला हरकत नाही. पोतं फळीवर किंवा विटांवर, भिंतीपासून हातभर लांब.

दुसरं, निवडणं. विष सगळ्या पोत्यात सारखं नसतं; मूठभर सुरकुतलेल्या, काळपटलेल्या, किडक्या दाण्यांत बहुतेक सगळं असतं. सुपात घेऊन ते बाजूला काढा आणि जाळून टाका. हे स्वस्तात विकू नका, पेंडीला देऊ नका. लाकडी घाण्याच्या तेलाची सध्या हौस आहे, चांगलीच गोष्ट. पण तेल शुद्ध करताना कारखान्यात विष बरंचसं निघून जातं आणि घाण्यात ती पायरीच नसते. घाण्यावर न निवडलेले दाणे नेणाऱ्याने आपल्याच ताटाचा विचार करावा.

आता ज्यांच्या हातात संस्था आहेत त्यांना. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांना जाहीर विनंती आहे: पन्नास किलोच्या शेंगदाण्याच्या पोत्याला, क्विंटलभर मक्याच्या कोठीला ओव्याचं किंवा गवती चहाचं तेल किती मिलिलिटर, कशात भिजवून, किती दिवसांनी बदलायचं, चवीवर आणि उगवणीवर काय परिणाम होतो, हे आपल्या हवेत तपासून एका पानावर मराठीत छापा. 'योग्य प्रमाणात वापरावे' असं लिहू नका, माप द्या. बचत गटांना तेल काढायच्या भट्ट्या द्या. गवती चहाचं तेल साबणाला जातंच आहे, थोडं गोदामाला जाऊ द्या. बाजार समित्यांनी काढणीच्या दोन महिन्यांपुरती तरी अफ्लाटॉक्सिन तपासायची सोय आवारात करावी. आश्रमशाळांच्या, अंगणवाड्यांच्या कोठीपासून सुरुवात करा, कारण तिथल्या मुलांना 'हे नको, दुसरं वाढा' म्हणता येत नाही.

ते माप येईपर्यंत कुणी दारावर 'बुरशीनाशक नैसर्गिक तेल' विकायला आलं, तर त्याला माप विचारा. सांगता आलं नाही तर चहा पाजून पाठवून द्या.

आणि तुम्ही, हे वाचून झालं की उठा आणि दाण्यांचा डबा उघडा. कुबट वास आला तर भाजू नका, कूट करू नका, गाईपुढे टाकू नका. पैसे गेले म्हणा आणि जाळा. माझं पोतं मी तसंच जाळलं. आई दोन दिवस बोलली नाही.

आज पुन्हा आभाळ भरून आलं आहे. खळ्यावरच्या शेंगा आधी झाका.