देवाची निद्रा आणि दुकानाच्या किल्ल्या

आज कार्तिक शुद्ध एकादशी. आषाढी एकादशीस क्षीरसागरी शेषशय्येवर निद्रिस्त झालेले भगवान श्रीविष्णू आज जागे होतात, म्हणून या तिथीस प्रबोधिनी हे नाव. देवाच्या जागृतीविषयी या दिवशी पुष्कळ लिहिले जाते. आम्हास आज त्याच्या निद्रेविषयी लिहावयाचे आहे, आणि तेही लहान दुकानदारांना उद्देशून.

निमित्त घडले ते असे. कुंकू, बुक्का, अष्टगंध, तुळशीच्या माळा आणि चुरमुरे-बत्तासे विकणारे एक सद्गृहस्थ आमच्या पंढरीत आहेत. वडिलांच्या काळी नुसती एक फळी मांडलेली असे. तिचे यांनी दुकान केले आणि पुढे दुसरेही काढले. खरेदीस हेच जाणार, तराजू हेच धरणार, उधारीची वही हेच लिहिणार, रात्री गल्ला हेच मोजणार. दोन्ही दुकानांच्या किल्ल्या यांच्याच कमरेला. यंदा लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी त्यांच्याकडे गेलो असता, अक्षता हातात घेऊन बसल्या जागी त्यांचा डोळा लागला. वहीवर पडावयाच्या अक्षता मांडीवर सांडल्या. मुले हसली, गृहिणीच्या डोळ्यांत मात्र पाणी तरळले. "बुवा, मंदिर हाकेच्या अंतरावर आहे, पण यांना देवाचे दर्शन घडून तीन वर्षे झाली," असे ती माउली म्हणाली.

जाग आल्यावर आम्ही विषय काढला, तेव्हा गृहस्थांनी आम्हालाच शास्त्र ऐकविले. कोजागरीच्या रात्री लक्ष्मी 'कोण जागे आहे' असे विचारीत फिरते. मग झोपणाऱ्याच्या घरी ती कशी येईल? प्रश्न मार्मिक खरा. परंतु ती रात्र वर्षातून एकदा येते, आणि त्याच लक्ष्मीचा पती चार महिने निजतो व ती त्याचे चरण चुरीत बसते, याचा त्यांना विसर पडला होता. बरे, विश्वाचा धनी निजला म्हणून विश्वाचा व्यवहार अडतो काय? उलट पाऊस पडतो तो याच चातुर्मासात. शेतकऱ्याचे खरिपाचे पीक वाढते, निसवते तेही याच काळात. इंद्राने वृष्टी करावी, वायूने वाहावे, सूर्याने तपावे, अशी ज्याची त्याची कामे नेमून दिलेली आहेत. ही निद्रा म्हणजे बेफिकिरी मात्र नव्हे. शास्त्रकार तिला योगनिद्रा म्हणतात. डोळे मिटलेले असतात, भान सुटलेले नसते.

आणि पंढरीत तर याचे प्रत्यंतर नित्य आचारातच आहे. यात्राकाळात विठुरायाचा पलंग काढतात, शेजारती बंद होते, पाठीशी लोड देतात आणि देव अहोरात्र भक्तांसाठी उभा राहतो. पण यात्रा सरताच प्रक्षाळपूजा होते. चरणांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याचे स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून रात्री काढा देतात आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. ज्या गावाने देवाचाही शीण ओळखला, त्या गावातील दुकानदाराने आपल्या शिणाला लाजावे, हे आम्हास चमत्कारिक वाटते. यात्रेतील जागरण कोणासच चुकत नाही. ज्याचा पलंग वर्षभर काढलेलाच असतो, त्याच्याविषयी आम्ही बोलत आहोत. गीतेच्या सहाव्या अध्यायात तर आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागरण या सर्वांनाच 'युक्त' हे विशेषण लावले आहे. कर्माला त्यातून सूट दिलेली नाही.

आमच्या मते खरी चूक वहीत आहे. हा गृहस्थ सुतळीच्या तोड्याचा खर्च मांडतो, पण स्वतःच्या श्रमाचे मोल कधी मांडीत नाही. समजा, दुसऱ्या दुकानात महिन्याला १५,००० रुपये शिल्लक दिसते. तेथे तो जितका वेळ उभा राहतो, तितक्यासाठी माणूस ठेवला तर १२,००० रुपये द्यावे लागतील. म्हणजे वाढलेल्या धंद्याचा खरा नफा ३,००० रुपये. बाकीची त्याची स्वतःचीच मजुरी. ती हिशेबात न धरल्यामुळे तो भाव कमी ठेवतो, भाव कमी म्हणून मदतनीस परवडत नाही, आणि मदतनीस नाही म्हणून रात्री जागतो. हे रहाट असेच फिरत राहते. अशा वेळी दोन-चार जिनसांचा भाव वाढवावा, ज्या नुसत्याच जागा अडवितात त्या काढून टाकाव्यात. तिसऱ्या दुकानाचे नाव काढू नये.

भरवशाचा माणूस मिळत नाही, हे गाऱ्हाणे आम्ही नेहमी ऐकतो. पण यात्रेच्या गर्दीत माणूस तयार होत नसतो. दोन वाऱ्यांच्या मधल्या निवांत दिवसांत त्याला तराजूवर बसवावे, बुक्क्याचे प्रमाण कागदावर लिहून द्यावे, संध्याकाळी त्याच्यासमोर गल्ला मोजावा. चार-दोनशे रुपयांची चूक होईल; ती त्याच्या शिकवणीची फी समजावी. खरेदीची पारख आणि उधारी कोणास द्यावी हा निर्णय, एवढे आपल्या हाती ठेवले तरी पुष्कळ. कीर्तनातही टाळकरी ध्रुपद उचलून धरतात तेव्हाच बुवांना श्वास घेता येतो, आणि रंग चढतो तोही तेव्हाच.

साप्ताहिक सुटीचा आधारही आता उरलेला नाही. १९४८ च्या मुंबई दुकाने व संस्था अधिनियमाने आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवावयास लावले होते, म्हणून नोकरासमवेत मालकासही विसावा मिळे. २०१७ च्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने वर्षाचे सर्व दिवस व्यवहार करण्याची मुभा दिली. कामगाराची साप्ताहिक सुटी त्यात राखली आहे. मालकाची सुटी त्याची त्यानेच ठरवावयाची आहे.

आमचे ते सद्गृहस्थ आज आणि उद्या दुकानावरून हलणार नाहीत, आणि तसे आम्ही सांगणारही नाही. मात्र प्रक्षाळपूजेच्या दिवशी एका दुकानाच्या किल्ल्या भाच्याच्या स्वाधीन करून सहकुटुंब दर्शनास येण्याचे त्यांनी कबूल केले आहे. आम्ही महाद्वारापाशी त्यांची वाट पाहत उभे राहू.