हिशेबाची किल्ली आपल्याच हाती हवी

मुळशी तालुक्यातले हिंजवडी संगणकाचा मोठा बाजार झाले. त्याच तालुक्यातल्या पौड-पिरंगुटच्या दुकानदाराने मात्र आपली उधारीची वही उघड्या इंटरनेटवरून गोदामाकडे का धाडावी?

उपाय आहे व्हीपीएन, म्हणजे दोन संगणकांमधली कुलूपबंद वाट. फुकटच्या अ‍ॅपवर भरवसा नको. तिथे सारी ये-जा परक्याच्या हातून होते. विकणाऱ्यांना तर सरकारच्या सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने ग्राहकांची नोंद ५ वर्षे ठेवायला सांगितले.

लिनक्सवरच्या वायरगार्डलाही पैसे पडत नाहीत, पण त्याची मूळ प्रत कुणीही तपासू शकतो. मार्च २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे. त्याची अवजारे ‘मेक’ या हुकमाने स्वतः बांधता येतात. प्रत्येक यंत्राला किल्ल्यांची जोडी करावी. जाहीर किल्ली समोरच्याला द्यावी, गुप्त किल्ली कुणालाच नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नाही. एका टोकाला कायमचा पत्ता लागतो. मग ‘डब्ल्यूजी-क्विक अप’ लिहिले की वाट उघडते, ‘डाउन’ लिहिले की बंद.

काळा पडदा पाहून बिचकू नये. गिऱ्हाइकाचा हिशेब ही आपल्याकडची अमानत आहे. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलांनी एक रविवार बापाच्या दुकानाला द्यावा.